लूपचे वजन : लयीची चाल पालटणाऱ्या साधनांचा आढावा

दोन किंवा चार बारांचा, आरंभ आणि शेवट असा जुळवलेला की यंत्राने तो कितीही वेळा फिरवला तरी सांधा ऐकू येऊ नये, अशा ध्वनिमुद्रित तुकड्याला स्टुडिओच्या व्यवहारात लूप म्हणतात. आणि हा तुकडा एकदा हाती आला की त्याचा टेम्पो कमीजास्त करणे, स्वर चढवणे-उतरवणे, त्याच्यावर दुसरा तुकडा रचणे, ही कामे आज साध्या लॅपटॉपवर कोणालाही काही क्षणांत करता येतात. त्याच तुकड्याची चाल पालटणे हा मात्र वेगळ्या जातीचा मामला आहे. टेम्पो तोच राखून सरळ चालीचा लूप झुलता करावा, झुलता असेल तर ताठ करावा, अथवा तो दुसऱ्या वादकाच्या हातचा वाटावा इतके त्याचे वजन बदलावे, अशी गरज निर्मात्याला रोज पडते. कारण एका गाण्यात चार ठिकाणांहून आणलेले चार लूप एकत्र नांदवायचे तर त्यांच्या टेम्पोची जुळणी पुरत नाही, त्यांच्या चालीचीही व्हावी लागते. या गरजेपोटी गेल्या चार दशकांत जी साधने निर्माण झाली त्यांनी काय साधले, त्यांची धाव कोठे संपली, आणि त्यांच्या मुळाशी लयीविषयी कोणती गृहीतके आहेत, याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

मराठी वाचकाला मूळ प्रश्न फार समजावून सांगण्याचे कारण नाही. केरव्याच्या आठ मात्रा त्याच, बोल तेच, लयही तीच, तरी एका तबलजीचा ठेका गाण्याला पुढे ओढतो आणि दुसऱ्याचा जागच्या जागी डुलवतो, हा अनुभव भजनाला बसलेल्या प्रत्येकाच्या गाठी आहे. भजनी ठेका, धुमाळी, लावणीतली ढोलकी यांच्या चाली लिहिलेल्या बोलांवरून कळत नाहीत, त्या हातावरूनच घ्याव्या लागतात. जाणकार ज्याला ठेक्याचे वजन म्हणतात ते काही अंशी आघातांच्या क्षणांत असते, काही अंशी त्यांच्या जोरात, काही अंशी नाद किती वेळ टिकतो यात, आणि माझ्या मते सर्वांत अधिक, एका नादाचा आघात दुसऱ्या नादाच्या आघातापासून किती अंतराने पडतो या परस्परसंबंधात. सॉफ्टवेअरने यांपैकी पहिला अंश सर्वांत आधी आणि सर्वांत पूर्णपणे हस्तगत केला, दुसरा बऱ्याच अंशी. उरलेल्या दोहोंपर्यंत ते आता कोठे पोहोचू लागले आहे. या क्षेत्राचा इतिहास आणि त्यातले वाद याच क्रमाने पाहिले म्हणजे सुबोध होतात.

चुंबकीय फितीच्या काळात लूप म्हणजे खरोखरीच कापून टोकाला टोक चिकटवलेली फीत असे, आणि तिची गती वाढवली की स्वरही चढे. मिनिटाला १०० मात्रांचा तुकडा ११२ वर नेला की तो जवळजवळ दोन अर्धस्वरांनी वर जाणार, यातून सुटका नव्हती. काळ आणि स्वर यांची ही गाठ सोडवणारे फेज व्होकोडरचे गणित बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनागन आणि गोल्डन यांनी १९६६ मध्येच मांडले होते. परंतु १९८० च्या दशकाच्या अखेरीस अकाईच्या सॅम्पलरांत टाइम-स्ट्रेचची जी सोय आली ती याहून ढोबळ होती. ध्वनीचे बारीक तुकडे करून ते पुन्हा पुन्हा वाजवायचे अथवा गाळायचे, एवढीच तिची रीत होती, आणि त्यातून उमटणारा धातूसारखा कंप पुढे लंडनच्या जंगल या नृत्यसंगीताने अलंकार म्हणून स्वीकारला. १९९८ मध्ये सोनिक फाउंड्रीच्या अ‍ॅसिडने आणि २००१ मध्ये एबलटन लाइव्हने कोणताही लूप गाण्याच्या टेम्पोला आपोआप जुळवून घेण्याची व्यवस्था केली. ही सर्व प्रगती मोठीच, पण ती टेम्पोची होती. सबंध तुकडा एकाच प्रमाणात ताणला किंवा आवळला जाई आणि त्याच्या आतली चाल होती तशीच राही.

चालीलाच हात घालण्याची पहिली खरी तजवीज स्टॉकहोमच्या प्रोपेलरहेड या कंपनीने १९९४ च्या रिसायकल या सॉफ्टवेअरने केली. त्याची कल्पना आज इतकी रुळली आहे की तिच्यातले धाडस जाणवत नाही: ध्वनिलहरीतला प्रत्येक आघात शोधायचा, तेथे लूप कापायचा, आणि प्रत्येक स्लाइसला सीक्वेन्सरमधील एकेक सूर नेमून द्यायचा. ध्वनिमुद्रण हे जे तोवर एकजिनसी, अभेद्य होते ते यामुळे एखाद्या स्वरलेखनासारखे सुटे झाले. टेम्पो बदलला की स्लाइस जवळ येत किंवा दूर जात, स्वर जसाच्या तसा राही, आणि हवा तो एक आघात उचलून दहा मिलिसेकंद मागे सारण्याची मुभा निर्मात्याला मिळाली. आज लाइव्हमधले वार्प मार्कर, लॉजिकमधला फ्लेक्स टाइम, क्यूबेसमधले हिटपॉइंट किंवा प्रो टूल्समधला बीट डिटेक्टिव्ह, यांच्यात तपशिलाची तफावत कितीही असली तरी आघात ओळखून तो हलवायचा ही मूळ युक्ती समानच आहे.

स्लाइस करण्याने नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही याचा उत्तम दाखला द विन्स्टन्स या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९६९ च्या ‘अमेन, ब्रदर’ या मुद्रिकेत आहे. तीत ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेला चार बारांचा, सहासात सेकंदांचा एकट्या ड्रमचा तुकडा पुढे अमेन ब्रेक म्हणून जगभर गेला. १९९० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील जंगलच्या निर्मात्यांनी तो सॅम्पलरात घालून तुकडे तुकडे केला, मूळचा मिनिटाला १३७ च्या आसपासचा टेम्पो १६० च्या पलीकडे नेला, आघातांचा क्रम उलटापालटा केला. आणि इतके सारे करूनही कोलमन यांचा हात ओळखू येतो. याचे कारण असे की स्लाइस म्हणजे निव्वळ आघात नसतो. त्या आघातामागचा अवकाश, राइड सिंबलची रेंगाळणारी झणक, दोन ठळक ठोक्यांच्या मध्ये स्नेअरवर पडलेले अस्फुट आघात, त्या खोलीचा प्रतिध्वनी, हे सर्व त्या स्लाइसबरोबर प्रवास करते, आणि वजनाचा फार मोठा हिस्सा त्यातच साठलेला असतो. लूप मंद केला की हाच अवकाश अपुरा पडतो. दोन स्लाइसांच्या मध्ये पोकळी उरते, ती भरण्यासाठी सॉफ्टवेअर शेपटीचा अंश पुढेमागे फिरवून लांबवते, आणि सिंबलच्या झणकेत एक कृत्रिम थरथर येते. माझा अनुभव असा की टेम्पो दहा टक्क्यांहून अधिक खाली आणायचा असेल तर स्विंगची चिंता करण्यापूर्वी या शेपट्यांची करावी.

दुसरा प्रवाह ड्रमयंत्रांचा, आणि तो याहून जुना. रॉजर लिन यांनी १९८० मध्ये एलएम-१ हे खऱ्या ड्रमांचे डिजिटल नमुने वाजवणारे पहिले ड्रमयंत्र बाजारात आणले, आणि त्यात ज्या दोन सोयी ठेवल्या त्यांचा अंमल आजही प्रत्येक सॉफ्टवेअरवर चालतो: एक, वादकाचा मागेपुढे पडलेला आघात समान अंतराच्या ग्रिडवरील जवळच्या स्थानी ओढून बसवणे, म्हणजे क्वांटाइझ, दुसरी, असे बसवल्यावर त्यांतला दर दुसरा आघात ठरावीक प्रमाणात मागे सारणे, म्हणजे स्विंग. हे प्रमाण टक्क्यांत मांडतात. अर्ध्या मात्रेत पाव मात्रेचे दोन आघात असतात. त्यांतला दुसरा बरोबर मध्यावर असेल तर ५० टक्के, आणि अर्ध्या मात्रेचे तीन भाग कल्पून त्यांतल्या तिसऱ्याच्या आरंभी असेल तर सुमारे ६६ टक्के. लिन यांच्या यंत्रात मात्रेचे ४८ भाग पाडलेले होते, अर्ध्या मात्रेच्या वाट्याला २४ येत, म्हणून दुसरा आघात बाराव्या, तेराव्या, चौदाव्या अशा पूर्ण भागावरच बसू शके. ५०, ५४, ५८, ६२, ६६ या चमत्कारिक वाटणाऱ्या पायऱ्यांचा उगम या हिशेबात आहे. मिनिटाला ९० मात्रांच्या टेम्पोत अर्धी मात्रा ३३३ मिलिसेकंदांची होते. तेव्हा ५० वर दुसरा आघात १६७ व्या मिलिसेकंदाला, ५४ वर १८१ व्या, ५८ वर १९४ व्या, ६२ वर २०८ व्या आणि ६६ वर २२२ व्या मिलिसेकंदाला पडतो. म्हणजे एका पायरीचे अंतर चौदा मिलिसेकंदांचे. एवढ्याशा विलंबाने ताठ वाजणारा लूप मोकळा होतो, पुढच्या पायरीला त्याला डौल येतो, आणि ६६ ला पोहोचले की उघड तिगुनीची चाल कानावर येऊन सूक्ष्मतेचा प्रांत संपतो. याच पायऱ्या १९८८ च्या अकाई एमपीसी६० या ड्रमयंत्रातून, ज्याची रचना लिन यांचीच होती, एका सबंध पिढीच्या कानांत बसल्या, आणि लाइव्हच्या ग्रूव्हच्या, म्हणजे चालींच्या, संग्रहात आजही एमपीसीच्या नावाने हेच टक्के मांडलेले साचे मिळतात.

लिन यांचा स्विंग रिकाम्या ग्रिडवर रचलेल्या आघातांसाठी होता. ध्वनिमुद्रित लूपला तो लावताना दोन अडचणी उद्भवतात, आणि नवख्याचे काम बहुतेक वेळा येथेच बिघडते. पहिली अडचण दुहेरी स्विंगची. लूप मुळातच ५८ टक्क्यांच्या आसपास झुलत असेल आणि त्यावर आणखी स्विंग चढवला तर दोन्ही विलंबांची बेरीज होऊन चाल लंगडी पडते. लाइव्हच्या ग्रूव्ह पूलमध्ये क्वांटाइझ नावाची वेगळी राशी याच कारणासाठी आहे: ती शंभरावर नेली की लूपचे आघात आधी ग्रिडवर सरळ होतात आणि मग नवी चाल लागते, शून्यावर ठेवली की जुन्या चालीवरच नवी चढते. या दोन टोकांच्या मधली, चाळीस-पन्नासाच्या आसपासची जागा मला सर्वांत उपयुक्त वाटते, कारण तीत जुन्या वादकाचा हात पुरता पुसला जात नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे, आणि तिच्याकडे सॉफ्टवेअर रचणाऱ्यांनी जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिलेले नाही. लूप ताणताना सॉफ्टवेअर आतली प्रमाणे कायम राखते, पण हाडामांसाचा ड्रमवादक तसे करत नाही. स्वीडनच्या आंदेर्स फ्रीबेर्ग आणि आंद्रेआस सुंडस्ट्रोम यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जॅक डीजॉनेट, टोनी विल्यम्स इत्यादी जॅझवादकांच्या राइड सिंबलचे आघात मोजले, तेव्हा असे आढळले की टेम्पो वाढतो तसे दीर्घ आणि ऱ्हस्व आघातांचे गुणोत्तर घटत जाते. मंद टेम्पोत ते साडेतीनास एक इतकेही असते, अतिजलद टेम्पोत एकास एक होते, आणि मध्यमापासून जलदपर्यंत ऱ्हस्व आघाताची लांबी शंभर मिलिसेकंदांच्या जवळपास स्थिर राहते. आता मिनिटाला २०० मात्रांचा जॅझ लूप घ्या. मात्रा ३०० मिलिसेकंदांची, ऱ्हस्व आघात १००, गुणोत्तर दोनास एक. तो १५० वर आणला की सॉफ्टवेअर दोनास एक राखून ऱ्हस्व आघात १३३ मिलिसेकंदांचा करील. वादक मात्र त्याला शंभराजवळच ठेवून गुणोत्तर तिनास एककडे नेईल. म्हणून मंद केलेला लूप सुस्तावल्यासारखा वाटतो, आणि त्यावरचा उपाय टेम्पो उतरवताना स्विंग थोडा वाढवणे हा आहे. जलद करताना याच्या उलट, स्विंग कमी करावा.

टक्केवारीचा स्विंग हा सरसकट नियम. एका विशिष्ट वादकाची चाल त्यात मावत नाही, या जाणिवेतून ग्रूव्हचे साचे निघाले. एखाद्या मुद्रणातील आघात ग्रिडपासून किती सरकलेले आहेत आणि किती जोराचे आहेत याची नोंद काढायची आणि ती नोंद दुसऱ्या लूपला लावायची, ही पद्धत सीक्वेन्सर वापरणाऱ्यांना जुनीच होती. रीझन या सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीतील २००७ च्या रीग्रूव्ह मिक्सरने आणि लाइव्हच्या आठव्या आवृत्तीतील २००९ च्या ग्रूव्ह पूलने ती एका क्लिकवर आणली. स्थान, जोर, यादृच्छिकता, प्रत्येकाला स्वतंत्र टक्के, वर सर्वांचे प्रमाण एकदम वाढवणारी १३० टक्क्यांपर्यंतची एक राशी, असा हा कारभार नीटनेटका आहे, आणि लूपमध्ये काहीही कायमचे न बदलता ऐकत ऐकत निवड करता येते हा त्याचा गुण मोठा. परंतु साचा हा एका ओळीचा असतो. ग्रिडच्या एका स्थानाला तो एकच सरक आणि एकच जोर देतो. त्या स्थानी किक आणि हाय-हॅट दोन्ही असतील, आणि मूळ वादकाची किक वेळेआधी व हाय-हॅट वेळेनंतर पडलेली असेल, तर साच्यात त्या दोहोंचे मीलन होऊन जो संबंध त्या चालीचा प्राण होता तोच हरवतो.

हा संबंध किती मोलाचा आहे हे डेट्रॉइटच्या जेम्स यान्सी यांनी, म्हणजे जे डिला यांनी, १९७४ ते २००६ एवढ्या अल्प आयुष्यात यंत्रावरच सिद्ध केले. त्यांच्याविषयी एक सोपा समज रूढ आहे, की त्यांनी क्वांटाइझ बंद करून हाताने वाजवले आणि त्यामुळे त्यांचे ताल सैल झाले. डॅन चार्नस यांनी आपल्या २०२२ च्या ‘डिला टाइम’ या ग्रंथात या समजाचे सविस्तर निराकरण केले आहे. डिला एका थराला सरळ ठेवत, दुसऱ्याला झुलते करीत, स्नेअर किंचित आधी ओढत, किक मागे सोडत. त्यामुळे ऐकणाऱ्याला एकाच वेळी दोन चालींच्या मधला ताण जाणवतो, आणि हा ताण बार मागून बार तसाच काटेकोर पुन्हा येतो. २००० साली गायक डीअँजेलोच्या ‘वूडू’ या अल्बमवर क्वेस्टलव्ह यांच्यासारख्या ड्रमवादकाने ही यंत्रावर जन्मलेली चाल हाताने आत्मसात करून वाजवली, ही लयीच्या इतिहासातली मोलाची घटना आहे. डिला यांची एमपीसी३००० आज वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लूप वापरणाऱ्याला यातून घेण्याजोगी कृती अशी: एका लूपच्या दोन प्रती कराव्या, एकीतले खर्जाकडचे नाद ठेवावे व दुसरीतले तारेकडचे, आणि दोघींना निरनिराळी चाल द्यावी. किक एका वजनाने आणि हाय-हॅट दुसऱ्या वजनाने चालू लागली की जो पालट कानाला जाणवतो तो सबंध लूपवर कितीही स्विंग चढवून मिळत नाही. दोन प्रती जेथे एकमेकींवर येतात तेथे स्नेअर पोकळ वाजण्याचा धोका असतो, तेवढा विभाजनाचा बिंदू कानाने शोधावा लागतो.

‘ह्यूमनाइझ’ या नावाने जी सोय बहुतेक सॉफ्टवेअरांत असते तिच्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. आघातांना यादृच्छिक रीतीने पुढेमागे ढकलले म्हणजे मनुष्यपण येते ही समजूत निराधार आहे. कसलेल्या वादकाची विचलने यदृच्छेने होत नाहीत. होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एका घानाच्या व्यावसायिक तालवादकासह अनेकांच्या वादनातील विचलने तपासली तेव्हा त्यांच्यात दूरवर टिकणारा अन्योन्यसंबंध आढळला, म्हणजे आताच्या आघाताचे सरकणे कित्येक आघातांपूर्वीच्या सरकण्याशी निगडित असते. आणि श्रोत्यांना अशी संबद्ध विचलने निव्वळ यादृच्छिक विचलनांपेक्षा अधिक रुचली. तेव्हा ह्यूमनाइझची राशी शून्यावर ठेवावी, आणि वैविध्य हवे असेल तर आठ बारांचा लूप स्वतः हाताने घडवावा.

विचलनांचे माहात्म्य सांगणाऱ्यांनी मात्र विरुद्ध बाजूचीही कैफियत ऐकली पाहिजे. चार्ल्स काइल यांनी १९८७ मध्ये असा सिद्धांत मांडला की संगीताची ओढ वादकांमधल्या या बारीक विसंगतींतूनच उत्पन्न होते, आणि तेव्हापासून स्टुडिओतही तो जवळजवळ धर्मवचन होऊन बसला. परंतु २०१३ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाले, एक मॅथ्यू डेव्हिस आणि सहकाऱ्यांचा, दुसरा जर्मनीतील फ्रूहाउफ, कोपीस आणि प्लाट्झ यांचा, आणि दोहोंत श्रोत्यांनी ग्रिडवर नेमके बसवलेल्या तालांनाच सामान्यतः वरचे गुण दिले. विचलन वाढवत नेले तसे गुण घटले. हे प्रयोग छोट्या, साध्या तालांवर केलेले होते आणि विचलने सूत्राने घातलेली होती, म्हणून त्यांनी काइल यांचा सिद्धांत बाद ठरतो असे मी मानत नाही. त्यांनी एवढे मात्र दाखवून दिले की विचलन हे स्वतःच गुण नव्हे. फ्रीबेर्ग आणि सुंडस्ट्रोम यांच्याच अभ्यासात एकलवादक मात्रेच्या आघाताला ड्रमपेक्षा मागे राहत आणि मधल्या ऱ्हस्व आघाताला त्याच्याशी जुळत असे दिसले होते. म्हणजे विलंबाला अर्थ येतो तो कोणी, कोणाच्या संदर्भात आणि कोठे जुळवून घेऊन विलंब केला यावरून.

ऑस्लो विद्यापीठातील आन डॅनियल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने या चर्चेत आणखी एक परिमाण आणले. नादाचा आघात ज्या क्षणी लहरीत सुरू होतो आणि ज्या क्षणी तो पडला असे कानाला वाटते, ते दोन क्षण एक नसतात. हळू उमलणारा, खर्जाचा, लांब नाद उशिरा पडल्यासारखा वाटतो, आणि त्याचे स्थान एका बिंदूऐवजी एखाद्या पट्ट्यासारखे पसरट जाणवते. याचा व्यावहारिक अर्थ असा की आघात तसूभरही न हलवता चाल बदलता येते. किकचा नाद बदला, हाय-हॅटची शेपटी आखूड करा, कॉम्प्रेसरने आघाताचे टोक दाबा किंवा उठवा, की लूप पुढे झुकतो किंवा मागे रेलतो. लाइव्हमधल्या बीट्स पद्धतीत प्रत्येक स्लाइसची शेपटी कापण्याची एक राशी आहे; तिच्याकडे पुष्कळ जण केवळ दोष झाकण्याचे साधन म्हणून पाहतात. चालीवर तिचा परिणाम स्विंगच्या दोन पायऱ्यांहून अधिक होतो.

भारतीय तालवाद्यांच्या लूपपाशी आलो की या सर्व साधनांची गृहीतके एकदम उघडी पडतात. स्लाइस करणारे सॉफ्टवेअर असे धरून चालते की एक आघात संपतो आणि मग दुसरा सुरू होतो. तबल्याच्या जोडीत असे घडत नाही. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घिस्सा तबल्यावरच्या पुढच्या दोन-तीन आघातांच्या खालून वाहत असतो. लूप कापला की त्या घिश्श्याचेही तुकडे होतात, आणि तबल्याचा एक आघात वीस मिलिसेकंद मागे सारला की त्याच्याबरोबर घिश्श्याचा मधला अंश मागे जाऊन खर्जाचा चढता स्वर मध्येच अडखळतो. ढोलकीच्या डाव्या पुडीची घुमकही अशीच जाते. येथे बीट्स पद्धत सोडून सबंध ध्वनी ताणणारी कॉम्प्लेक्स पद्धत वापरावी तर घुमक वाचते पण चाटेवरच्या आघाताची धार बोथट होते. स्विंगच्या साच्यांचीही तीच गत: भजनी ठेक्याची विभागणी सरळ चौगुनीत बसत नाही, तिगुनीतही बसत नाही, ती दोहोंच्या मध्ये राहून समेकडे जाताना किंचित बदलते, आणि दर अर्ध्या मात्रेला एकच टक्का लावणाऱ्या सोयीला हा बदल सांगताच येत नाही. रूपकासारख्या सात मात्रांच्या लूपला चार मात्रांच्या बारावर काढलेला साचा लावला तर साच्याची सुरुवात दर आवर्तनाला निराळ्या मात्रेवर येते, हे लक्षात न घेतल्याने ठेका बिघडल्याचे खापर वादकावर फुटते.

एका लूपमधले नाद वेगळे काढण्याची जी तंत्रे गेल्या काही वर्षांत आली त्यांच्यामुळे ही कोंडी थोडी फुटेल अशी आशा वाटते. डीझर कंपनीने २०१९ मध्ये स्प्लीटर हे सॉफ्टवेअर सर्वांना खुले केले, फेसबुकच्या संशोधकांचे डेमुक्स त्याच सुमारास आले, आणि एफएल स्टुडिओने २०२३ मध्ये व लॉजिकने २०२४ मध्ये गाण्यातून गळा, बास आणि ड्रम वेगळे करण्याची सोय आपल्या आतच घेतली. ड्रमच्या तुकड्यातून किक, स्नेअर आणि सिंबल स्वतंत्र करणारी साधनेही आता मिळतात. डिला यांनी जे थर आधीपासून सुटे ठेवून साधले ते मिसळून गेलेल्या जुन्या लूपमध्येही करणे यामुळे प्रथमच शक्य झाले, आणि चार दशकांच्या या वाटचालीतला रिसायकलनंतरचा सर्वांत मोठा टप्पा मी यालाच समजतो. मात्र वेगळ्या केलेल्या नादांच्या आघातांना अजून पुरेशी धार राहत नाही आणि एकाची सावली दुसऱ्यात उरते. ही साधने बहुतांशी पाश्चात्त्य ड्रमसंचावर शिकवलेली असल्याने डग्गा आणि तबला यांना ती दोन वाद्ये म्हणून ओळखत नाहीत.

ज्यांच्या हातची चाल आपण काढून घेतो त्यांच्याविषयीही काही नमूद करणे अगत्याचे आहे. ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये निर्धन अवस्थेत वारले. त्यांच्या सहासात सेकंदांवर हजारो मुद्रिका उभ्या राहिल्या, त्यांना त्यांतून एक छदामही मिळाला नाही. वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ मध्ये काही चाहत्यांनी वर्गणी जमवली तेवढीच भरपाई. लूपचे मुद्रण घेतले तर निदान त्याचा माग लागतो. साचा काढून घेतला तर कोणाचा हात घेतला याची नोंदही कोठे उरत नाही.

म्हणून महाराष्ट्रात ढोलकी, संबळ, हलगी, पखवाज आणि तबला यांचे लूप मुद्रित करणाऱ्या स्टुडिओंना माझी विनंती अशी आहे: दोन्ही पुड्यांना स्वतंत्र मायक्रोफोन लावा आणि दोन्ही ओळी वेगळ्या जपा, वादकाला क्लिकला जखडण्याआधी त्याच्या स्वतःच्या लयीत निदान एकदा मुद्रित करा, एकाच ठेक्याचे मंद, मध्य आणि द्रुत असे तीन स्वतंत्र नमुने घ्या, एकच ताणून तीन करू नका, तालाचे नाव, मात्रासंख्या आणि टेम्पो यांच्या बरोबरीने वादकाचे नाव प्रत्येक फाइलवर लिहा, आणि त्याच्या मोबदल्याचा करार मुद्रणापूर्वीच करा.